पैसे संपतील त्या दिवसापासून सुरुवात करा

वाचक मैत्रिणीचं पत्र, थोडक्यात: त्या महाविद्यालयात साहित्य शिकवतात. एका हस्तलिखित मासिकाचे 23 अंक, सुमारे 1,800 पानं, त्यांच्याकडे सांभाळायला आली आहेत. काही स्त्रियांनी मिळून हे मासिक काढलं होतं. एकच प्रत हाताने लिहायची आणि घरोघरी फिरवायची. बाईंना त्याचं डिजिटल संग्रहालय करायचं आहे: पानांची छायाचित्रं, टाइप केलेला मजकूर, शोधण्याची सोय. अनुदानासाठी दोनदा अर्ज केला, दोन्ही वेळा नकार आला. पहिल्या वेळी शेरा होता, 'संशोधनाचा प्रश्न स्पष्ट नाही.' दुसऱ्या वेळी, 'प्रकल्प संपल्यानंतरची व्यवस्था काय?' आता तंत्रज्ञांचा एक गट हस्ताक्षर वाचणाऱ्या एआयचा तीन वर्षांचा मोठा प्रकल्प मांडतो आहे. त्यांना ही पानं हवी आहेत, बाईंना ते 'सल्लागार' म्हणून घेतील. मुदत सात आठवड्यांवर आहे. भाचा फुकटात वेबसाइट करून द्यायला तयार आहे. त्या विचारतात: मोठ्या प्रकल्पात जाऊ, तिसऱ्यांदा एकटीने अर्ज करू, की हे आपलं काम नाही म्हणून सोडून देऊ?

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि सोबतचं अंदाजपत्रक तीनदा. वेबसाइट आणि सर्व्हर 45 टक्के, कॅमेरा-संगणक 30 टक्के, 'इतर' 25 टक्के. या 'इतर'च्या पोटात टायपिंग, प्रवास, स्टेशनरी सगळं कोंबलेलं आहे. ते अक्षर वाचू शकणारं माणूस मात्र कुठल्याच रकान्यात सापडलं नाही. ते माणूस तुम्ही आहात, आणि स्वतःची किंमत तुम्ही शून्य धरली आहे. परीक्षकांनी लिहून कळवलेल्या दोन शेऱ्यांपेक्षा मला हे जास्त खटकलं.

आधी नकाराबद्दल. 'या बायकांच्या लेखनाला काही किंमतच नाही असं त्यांना वाटलं असणार,' असं तुम्ही लिहिता. मला तसं वाटत नाही. डिजिटल मानव्यविद्येच्या, म्हणजे साहित्य-इतिहासाचा संगणकाच्या मदतीने अभ्यास करण्याच्या, या क्षेत्रात पैसे देणाऱ्यांच्या जाती वेगवेगळ्या आहेत, आणि एकीच्या दारात दुसरीची मागणी घेऊन गेलं की हात हलवत परत यावं लागतं. काही योजना फक्त जतनासाठी असतात. ब्रिटिश लायब्ररीचा 'एन्डेंजर्ड आर्काइव्ह्ज प्रोग्रॅम' 2004 पासून हे काम करतो: धोक्यात असलेल्या जुन्या कागदपत्रांच्या डिजिटल प्रती करायला तो पैसे देतो, मूळ कागद ज्या देशातले त्या देशातच राहिले पाहिजेत अशी त्याची अट असते, आणि त्या कागदांवर तुम्ही पुढे काय ग्रंथ लिहिणार हा त्याचा विषय नसतो. दुसऱ्या योजना पद्धतीला पैसे देतात. अमेरिकेतल्या 'नॅशनल एन्डाउमेंट फॉर द ह्युमॅनिटीज'ची, म्हणजे एनईएचची, डिजिटल मानव्यविद्येसाठीची अनुदानं या प्रकारची होती. तुमच्या प्रयोगातून इतर अभ्यासकांच्या हाती नवं काय येईल, हे तिथे सांगावं लागे. तिसरा प्रकार संशोधनाच्या प्रश्नाला पैसे देणाऱ्यांचा. त्यांना स्कॅनिंगचं कौतुक नसतं. ते म्हणतात, स्कॅन झालं, पुढे काय?

तुमचा पहिला अर्ज या तिसऱ्या प्रकारच्या योजनेकडे गेला होता, आणि त्यात आठ पानं जतनाची निकड सांगण्यात खर्ची पडली होती. कागद पिवळे पडतायत, शाई उडतेय, वाळवी लागेल. सगळं खरं आहे, पण ते दुसऱ्या दारात सांगायचं होतं.

बरं, प्रश्न तुमच्याकडे नाही असंही नाही. पत्राच्या तिसऱ्या पानावर, जाता जाता, तुम्ही एक वाक्य लिहिलं आहे: अंक ज्या घरात जाई तिथली वाचणारी बाई समासात पेन्सिलने शेरे लिही, आणि पुढच्या घरातली त्या शेऱ्यांना उत्तरं देई. एका कथेच्या कडेला तीन वेगळ्या हातांचं भांडण चाललंय, असंही तुम्ही म्हणता. अहो, हाच तर प्रश्न आहे! छापील मासिकाच्या संपादकाकडे येणारी वाचकांची पत्रं सहसा टोपलीत जातात. इथे वाचन पानावरच साठून राहिलंय. कोण कुणाला उत्तर देत होतं, कुठल्या विषयावर समास भरून वाहतो आणि कुठल्या विषयावर कोरा राहतो, टोपणनाव घेणारी लेखिका शेऱ्यात स्वतःला सांभाळून घेते का. हे शोधायला डिजिटल पद्धत खरोखर लागते, कारण 1,800 पानांतले हात डोक्यात धरून ठेवता येत नाहीत. आणि तुमच्या अर्जात काय होतं? 'मजकूर टाइप करून पोर्टलवर उपलब्ध करून देणे.' तसं केलं असतं तर समासातलं सगळं भांडण टायपिंगमध्येच गळून पडलं असतं.

संहिता संगणकासाठी लिहून ठेवण्याची टीईआय नावाची एक पद्धत 1987 पासून विकसित होत आली आहे. इथे हात बदलला, हे नंतर कुणीतरी समासात भरलं, हा शब्द खोडलाय, हे अक्षर लागत नाही, अशा नोंदी करण्याची रीतसर सोय तिच्यात आहे. तुम्हाला ती सगळी शिकायची गरज नाही. दहा-बारा खुणा पुरतील. अर्जात मात्र हे दिसायला हवं की शेरे तुम्ही मजकुराचाच भाग धरताय.

आता पोर्टल. प्रकल्प म्हणजे पोर्टल हे आपल्या डोक्यात कुणी भरवलं कोण जाणे. मीही त्यातून गेले आहे, म्हणून बोलते. पंधराएक वर्षांपूर्वी एका अनुदानातून आम्ही जुन्या पत्रव्यवहाराची वेबसाइट केली. उद्घाटन झालं, फोटो निघाले. अनुदान संपल्यावर सर्व्हरचं बिल कुणी भरायचं यावर संस्थेत आठ महिने कागद फिरत राहिला. दरम्यान डोमेनची मुदत संपली. नंतर एकदा एका विद्यार्थ्याने फोन केला, 'मॅडम, तुमच्या साइटवर सट्ट्याची जाहिरात येतेय.' नाव दुसऱ्याच कुणी विकत घेतलं होतं. मजकूर बचावला तो एका सहकाऱ्याच्या हार्ड डिस्कमुळे, आणि तोही निम्मा वाचता येईना, कारण टायपिस्टने तो युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमध्ये टाइप केला होता. 'आई' टाइप केलेल्या जागी चौकोन आणि टिंबं.

आमचीच फजिती झाली असं नाही. 1086 च्या इंग्लंडमधल्या डोम्सडे या जमीन-पाहणीला 900 वर्षं झाली म्हणून बीबीसीने 1986 मध्ये लोकसहभागातून देशाची नवी पाहणी केली आणि ती लेसर डिस्कवर साठवली. पंधरा वर्षांत त्या डिस्क वाचणारी यंत्रं दुर्मीळ झाली, आणि मजकूर सोडवायला वेगळा प्रकल्प काढावा लागला. चामड्यावर लिहिलेली मूळ पाहणी मात्र अजून वाचता येते. ब्रिटनमध्येच मानव्यविद्यांची डिजिटल सामग्री सांभाळायला 1996 मध्ये एक राष्ट्रीय सेवा उभी राहिली होती. 2008 मध्ये तिचाच निधी थांबला. सांभाळणाऱ्यालाच सांभाळायला कुणी उरलं नाही.

म्हणून दुसऱ्या परीक्षकाचा शेरा मला खवचट वाटत नाही. त्याला उत्तर मात्र सोपं आहे, आणि स्वस्तही. तुमच्या अर्जात डेटाबेस आहे, लॉगिन आहे, मोबाइल अ‍ॅप आहे. अ‍ॅप कशाला? कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठातल्या 'एन्डिंग्ज' प्रकल्पाने याच दुखण्यावर विचार केला. त्यांचा आग्रह असा की प्रकल्पाचं अंतिम रूप साध्या स्थिर एचटीएमएल पानांचं असावं. मागे डेटाबेस नको, सतत अपडेट मागणारं सॉफ्टवेअर नको. अशी वेबसाइट म्हणजे फाइलींचा एक फोल्डर. कुठल्याही सर्व्हरवर ठेवा, पेन ड्राइव्हवर ठेवा, उघडते.

जागेचा हिशोबही करून टाकू. ए-फोर आकाराचं पान 300 डीपीआयवर (इंचाला 300 ठिपके) रंगीत, कॉम्प्रेस न करता साठवलं तर साधारण 26 एमबीची फाइल होते. 1,800 पानांचे 47 जीबी. तीन प्रती ठेवल्या तरी 141 जीबी. म्हणजे साठवण हा तुमचा मोठा खर्च नाहीच. सर्न ही संशोधनसंस्था चालवत असलेल्या झेनोडो या ऑनलाइन संग्रहावर एका नोंदीत 50 जीबीपर्यंत सामग्री विनामूल्य ठेवता येते, आणि नोंदीला कायमचा ओळख-क्रमांक मिळतो. (तुमचे अंक त्यात काठोकाठ बसतायत, पण मी अंकागणिक वेगळी नोंद करेन.) फक्त सगळी भिस्त एका जागेवर ठेवू नका. ऑक्टोबर 2023 मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिच्या ऑनलाइन सेवा कित्येक महिने विस्कळीत होत्या. एवढ्या मोठ्या घरात हे होतं, तर आपण एक प्रत दुसऱ्या गावी, दुसऱ्या संस्थेत ठेवलेली बरी.

मग पैसे कशाला लागतात? माणसांना. तुम्ही 'टायपिंग: 2 महिने' लिहिलंय ना, तिथे थांबा आणि एक प्रयोग करा. कुठलीही 20 पानं घ्या, पण सोपी निवडू नका. पाच स्वच्छ, दहा नेहमीची, पाच अगदी गिचमिड. मोबाइलवर घड्याळ लावा आणि प्रत्येक टप्प्याची मिनिटं वहीत लिहा. समजा छायाचित्राला 2 मिनिटं लागली, तपासून नाव द्यायला 3, नोंद करायला 5, समासासकट मजकूर उतरवायला 35, आणि दुसऱ्या माणसाने पडताळायला 15. पानाला एक तास झाला. म्हणजे 1,800 तास. जुनं हस्ताक्षर दिवसाला पाच तासांहून अधिक वाचवत नाही, डोळे साथ देत नाहीत. महिन्याचे 22 दिवस धरले तर 110 तास, आणि सगळं मिळून एका माणसाचे सोळा महिने. तुमचे आकडे वेगळे येतील. येऊ देत. पण 'आम्ही 20 पानं करून पाहिली, पानाला इतका वेळ लागला, म्हणून इतके माणूस-महिने मागतो आहोत' हे वाक्य ज्या अर्जात असतं तो अर्ज परीक्षक सावरून बसून वाचतो. मी काही वर्षं असे अर्ज तपासले आहेत. ढिगातले बहुतेक अर्ज 'अमूल्य ठेवा'ने सुरू होतात. मिनिटं मोजलेला एखादाच निघतो.

नाव देण्यावरून आठवलं. तुम्ही पाठवलेल्या नमुन्याच्या फाइलींची नावं 'आयएमजी 4032' आणि 'अंक नवीन फायनल 2' अशी आहेत. आजच ठरवा: अंकाचा क्रमांक, पानाचा क्रमांक, बस. 'ank07_pan043'. फाइलींची नावं रोमन लिपीत ठेवलीत तर जुनी यंत्रं कुरकुर करणार नाहीत. आतला मजकूर मात्र युनिकोडमध्येच.

आता त्या मोठ्या प्रकल्पाचं. 'एआय हा शब्द घातल्याशिवाय हल्ली काही मिळत नाही,' असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंय. तो शब्द घातलेले इतके अर्ज येतात की त्याने आता कुणाच्या भुवया उंचावत नाहीत. प्रश्न उपयोगाचा आहे. हस्ताक्षर वाचून मजकूर उतरवणाऱ्या ट्रान्सक्रिबससारख्या साधनात एखाद्या हस्ताक्षराचं मॉडेल तयार करायला साधारण 5,000 ते 15,000 शब्दांचा, माणसाने उतरवून तपासलेला मजकूर लागतो. एकाच हाताने लिहिलेल्या हजारो पानांसाठी ही मेहनत वसूल होते. तुमच्याकडे वीसेक हात आहेत, वर पेन्सिलचे शेरे. तेव्हा यंत्राला शिकवण्यापुरतं उतरवता उतरवता काही हातांची सगळी पानंच संपून जातील. मुख्य लेखनिक बाईंच्या हातची सलग पानं असतील तर तिथे जरूर करून पाहा.

त्या गटाला तुमची पानं हवी आहेत यात वावगं काही नाही. पण 'सल्लागार' या शब्दाचा अर्थ आधी विचारा. बैठकीला बोलावतील आणि शेवटी आभार मानतील, एवढाच असेल तर नको. उतरवलेला मजकूर नेमका त्यांच्या कामाचा कच्चा माल आहे, आणि तो तुम्ही करणार आहात. तेव्हा सहसंशोधक म्हणून नाव, अंदाजपत्रकात तुमच्या वेळेची आणि एका साहाय्यकाची वेगळी ओळ, स्कॅनची पूर्ण प्रत तुमच्याकडे, आणि शेऱ्यांसह संहिता खुली करण्याचा हक्क तुमचा, हे चार मुद्दे ईमेलवर लिहून मागा. तोंडी 'हो हो, बघू' आलं तर उत्तर मिळालं असं समजा.

श्रेयाचा मुद्दा मी उगीच ताणत नाहीये. या क्षेत्राची कहाणी जिथून सांगितली जाते तो प्रकल्पच पाहा. रोबेर्तो बुसा हे जेझुइट धर्मगुरू 1949 मध्ये थॉमस अ‍ॅक्वायनस या मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञाच्या लेखनाची शब्दसूची करायला आयबीएमच्या प्रमुखांकडे गेले. काम तीसेक वर्षं चाललं, 56 खंड छापले गेले. त्यासाठी लागणारी पंचकार्डं, म्हणजे यंत्राला माहिती देणारी छिद्रांची कार्डं, इटलीत बहुतांशी तरुण मुलींनी पाडली. त्यांची नावं अनेक दशकं कुठेच नव्हती. फोटोत त्या यंत्रापुढे बसलेल्या दिसतात, एवढंच. तुम्ही अभ्यास कुणाचा करताय ते आठवा, आणि तुमच्या भाच्यालाही हाच नियम लावा. फुकटात करणारं माणूस प्रेमाने करतं, पण त्याला नोकरी लागली की वेबसाइट अनाथ होते, आणि मावशीला रागावताही येत नाही. त्याला थोडं का होईना मानधन द्या, श्रेयनामावलीत नाव द्या, आणि पासवर्ड कुठे आहेत हे कागदावर लिहून घ्या.

एक अवघड गोष्ट राहिली, ती तुमच्या पत्रात कुठेच नाही. हक्क. अंक तुमच्याकडे आहेत म्हणून लेखन तुमचं होत नाही. लेखनाच्या हक्काचा भारतातला सर्वसाधारण नियम लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांचा आहे, ब्रिटन आणि युरोपीय संघात 70 वर्षांचा. अप्रकाशित लेखनाचं गणित वेगळं असू शकतं, आणि हाताने लिहून घरोघरी फिरवलेलं मासिक 'प्रकाशित' धरायचं का, यावर वकीलही डोकं खाजवतील. टोपणनावांमागची घरं शोधायचा प्रामाणिक प्रयत्न करा, त्याची नोंद ठेवा, आणि कुणी हरकत घेतली तर पान काढण्याची सोय ठेवा. कायद्यापलीकडचंही आहे. एखाद्या बाईने सासरबद्दल समासात पेन्सिलने लिहिलेलं सगळ्या जगाला शोधता यावं का? काही पानं फक्त अभ्यासकांना, विनंतीवरून, दाखवायची असं तुम्ही ठरवलंत तर त्यात कमीपणा नाही. अर्जात हे लिहिलंत तर तुम्ही विचार केलाय हे दिसतं.

तर सात आठवड्यांचं काय करायचं? तिसऱ्यांदा एकटीने मोठा अर्ज या खेपेला करू नका. घाईत तो तुमच्या दुसऱ्या अर्जाचीच सुधारलेली आवृत्ती होईल. त्या गटाला चार मुद्द्यांचं ईमेल या आठवड्यात पाठवा. उत्तर नीट आलं तर सामील व्हा, नाहीतर हसून नकार द्या. दोन्ही परिस्थितींत 20 पानांचा प्रयोग करा, मग तोच वाढवून एक अख्खा अंक, शेऱ्यांसकट, पूर्ण करा: छायाचित्रं, संहिता, साधी स्थिर पानं, झेनोडोवर नोंद. त्याला अनुदान लागत नाही. मग तो अंक दाखवून एखाद्या जतनाच्या योजनेकडे उरलेल्या 22 अंकांच्या स्कॅनिंगसाठी जा, आणि समासातल्या भांडणाचा प्रश्न घेऊन वेगळ्या संशोधन-अनुदानाकडे. एकाच अर्जात दोन्ही कोंबू नका. अर्ज पाठवण्याआधी योजनेच्या कार्यालयाला फोन किंवा ईमेल करून 'असं काम तुमच्या कक्षेत बसतं का' हे विचारा. आपल्याकडे हे विचारायची लाज वाटते. त्यांना मात्र असल्या प्रश्नांची सवय असते.

आणि टप्पे असे आखा की पैसे मध्येच थांबले तरी झालेला टप्पा स्वतःच्या पायावर उभा राहील. एप्रिल 2025 मध्ये एनईएचने आधी मंजूर केलेली हजाराहून अधिक अनुदानं एका झटक्यात रद्द केली. त्यात चांगली चाललेली कामंही होती. ज्यांनी 'आधी सगळं स्कॅन, मग सगळ्याचं टायपिंग, मग सगळं एकदम खुलं' असं आखलेलं असतं त्यांच्या हाती अशा वेळी अर्धवट ढीग राहतो. एकेक अंक संपवत गेलेल्याच्या हाती संपलेले अंक राहतात.

सोडून देऊ का, याचं उत्तर मी देणार नाही. पहिला अंक पूर्ण झाला की तुम्हीच मला कळवा, आणि समासात कोण जिंकलं तेही लिहा.

जाता जाता: अंक 14 चं मुखपृष्ठ फाटलंय आणि त्याला चिकटपट्टी लावायचा विचार आहे, असं लिहिलंयत. नका लावू. पट्टीचा गोंद कागदात उतरतो आणि डाग पडतो तो जात नाही. दोन्ही तुकडे आम्लरहित कागदाच्या घडीत सपाट ठेवा, आणि छायाचित्र आधी त्याच अंकाचं काढा.